'ट्रस्ट' या शब्दाची हकीकत

आपल्या ट्रस्टचा इतिहास, देणगीदारांची नामावली आणि आजवरच्या कार्याचा अहवाल या स्मरणिकेत वाचकांस अन्यत्र वाचावयास मिळेलच. आमच्या वाट्याला आलेले काम लहान आहे. कचेरीच्या पाटीवर, पावतीपुस्तकावर, रबरी शिक्क्यावर आणि या अंकाच्या मुखपृष्ठावर जो एक इंग्रजी शब्द आपण वर्षानुवर्षे वागवीत आलो आहोत, त्याचा अर्थ व मूळ सांगावे, अशी संपादक मंडळाची सूचना झाली. मुलांना इंग्रजी शिकविण्यात ज्याचा जन्म चालला आहे त्याला अशी सूचना म्हणजे मेजवानीच. ती आम्ही आनंदाने स्वीकारली.

परंतु हा केवळ कोशातला विषय नव्हे. कोणत्याही ट्रस्टच्या वार्षिक सभेस चार वर्षे जाऊन बसावे, एक प्रश्न हमखास कानी पडतो. हा ट्रस्ट कोणाचा? देणगीदार म्हणतो, पैसा आमच्या वडिलांनी दिला. सभासद म्हणतो, मत आमचे आहे. ट्रस्टी बोलत नाही, पण तिजोरीची किल्ली त्याच्या खिशात असते. आणि ज्या विधवेला दरमहा मदत मिळते किंवा ज्या मुलाची फी भरली जाते, ती माणसे सभेला येतच नाहीत. या प्रश्नाचे उत्तर त्या शब्दाच्या पोटातच आहे, असे आम्हांस वाटते. म्हणून वाचकांनी थोडा धीर धरून त्याच्या मागे मागे यावे.

प्रथम रोजच्या इंग्रजीतील अर्थ पाहू. 'ट्रस्ट' हे नाम आहे आणि क्रियापदही आहे. विश्वास, भरवसा, आशा, कोणाच्या स्वाधीन केलेली वस्तू, एवढे अर्थ शाळेच्या कोशातही सापडतात. जुन्या इंग्रजीत उधारीने माल देण्यासही 'ट्रस्टवर देणे' म्हणत. दालबाजारातील कोणत्याही दुकानदाराला हा अर्थ पंडितांच्या आधी समजेल. उधार म्हणजे काय, तर पैसा हातात नसताना माणसावर दिलेला माल.

याच शब्दापासून 'ट्रस्टी' निघाला, आणि येथे आपल्या देवनागरीने एक गंमत केली आहे. इंग्रजीत हे दोन वेगळे शब्द आहेत. एकाच्या शेवटी 'वाय' हे अक्षर येते. त्याचा अर्थ भरवशाचा, इमानी. दुसऱ्याच्या शेवटी दोन 'ई' येतात आणि उच्चारात जोर शेवटच्या अक्षरावर पडतो. तो आपला ट्रस्टी, म्हणजे विश्वस्त. नागरीत दोन्ही एकसारखेच लिहिले जातात. भरवशाचा माणूस आणि ट्रस्टी हे लिहिण्यात तरी एकच आहेत. प्रत्यक्षात ते एक असावेत म्हणून कायद्याला पुष्कळ कलमे खर्ची घालावी लागली.

त्या दोन 'ई'कडे जरा लक्ष द्यावे. हा प्रत्यय फ्रेंच भाषेतून इंग्लंडच्या कोर्टांत आला आणि तो कर्मणि आहे. चेकवर 'अकाउंट पेयी' असे आपण लिहितो. पेयी म्हणजे पैसे देणारा नव्हे, ज्याला द्यावयाचे तो. एम्प्लॉयी म्हणजे नोकरी देणारा नव्हे, ज्याला नोकरीवर ठेवले तो. त्याच नियमाने ट्रस्टी म्हणजे ज्याच्यावर विश्वास टाकला तो. टाकणारा निराळा. हे पद मिळविण्याचे नाही, कोणी तरी सोपविण्याचे आहे. व्याकरणच तसे सांगते.

आता मूळ. इंग्रजीत हा शब्द सुमारे इ. स. १२०० पासून आढळतो. तो तेथील मातीचा दिसत नाही. नवव्या ते अकराव्या शतकांत उत्तरेकडून, म्हणजे आजच्या डेन्मार्क-नॉर्वेकडून, दर्यावर्दी टोळ्या इंग्लंडवर चालून आल्या, त्यांतल्या पुष्कळ तेथेच राहिल्या आणि शेती करू लागल्या. त्यांच्या भाषेत 'ट्राउस्ट' असा शब्द होता. त्याचा अर्थ आधार, आसरा, भरवसा. इंग्रजी 'ट्रस्ट' त्यावरूनच आला, असे बहुतेक विद्वान मानतात. जर्मन भाषेत त्याचा भाऊ 'ट्रोस्ट', तेथे अर्थ झाला सांत्वन. लुटायला आलेल्या लोकांनी विश्वासाचा शब्द मागे ठेवावा, हा इतिहासाचा विनोदच म्हणावा लागेल!

या कुळात नातलग पुष्कळ आहेत. खरे या अर्थाचा 'ट्रू' आणि त्याचा 'ट्रूथ', तहाचा 'ट्रूस', वाङ्निश्चयाचा 'बिट्रोथ' हे सारे एका घरचे. १४ ऑगस्ट १९४७ च्या मध्यरात्री पंडित नेहरूंनी जो 'ट्रिस्ट' शब्द वापरून प्रसिद्ध केला, तोही बहुधा याच कुळातला. शिकारीत ज्याने जेथे उभे राहावयाचे ती नेमलेली जागा, हा त्याचा पहिला अर्थ. नेमल्या जागी माणूस सापडेल या भरवशावरच शिकार चालते.

भाषाशास्त्रज्ञ आणखी मागे जातात. घट्ट, न हलणारे, लाकडासारखे पक्के असा अर्थ असलेला एक अतिप्राचीन धातू ते कल्पितात. त्यापासून इंग्रजी 'ट्री' म्हणजे झाड, संस्कृत 'दारु' म्हणजे लाकूड आणि 'द्रुम' म्हणजे वृक्ष, हे शब्द आले. 'ट्रू' आणि 'ट्रस्ट' यांनाही पुष्कळजण तेथेच नेऊन बसवितात. झाड आधीचे की घट्टपणा आधीचा, यावर त्यांच्यात वाद आहे. तो त्यांचा त्यांनी मिटवावा. आम्हांस एवढेच दिसते की आपला देवदार आणि इंग्रजांचा ट्रस्ट हे लांबचे का होईना, भाऊबंद आहेत.

आणि दालबाजारातल्या वाचकांसाठी एक खास गोष्ट. फारसीतही 'दार' म्हणजे लाकूड. उर्दू शायरीत 'दार' म्हणजे फाशीचा खांब, तोही लाकडाचाच. चीन देशाचे लाकूड म्हणून एका मसाल्याला इराणी लोक 'दारचीनी' म्हणू लागले. आपल्याकडे येता येता 'र'चा 'ल' झाला आणि ती दालचिनी बनली. मसूर, तूर, मूग यांच्या डाळीशी त्या 'दाल'चा काहीही संबंध नाही. डाळ आली 'दल्' म्हणजे फुटणे, दुभंगणे, यावरून. म्हणजे एकाच बाजारात दोन 'दाल' विकल्या जातात. एक भरडून दोन फाकी झालेली, आणि दुसरी पुडीत बांधलेली, जिचे मूळ घट्ट लाकडात आणि जिचे दूरचे नाते विश्वासाशी. गिऱ्हाईक दोन्ही एकाच पिशवीतून घरी नेते.

इंग्रजाने विश्वासाला लाकडाची उपमा दिली असेल, तर आपल्या शब्दांनी काय केले? 'विश्वास' यात 'श्वस्' धातू आहे, म्हणजे श्वास घेणे. ज्याच्याजवळ मोकळा श्वास घेता येतो, जेथे छाती धडधडत नाही, तेथे विश्वास. आम्हांस ही कल्पना लाकडापेक्षा अधिक नाजूक वाटते. 'विश्वस्त' या रूपात आणखी एक खुबी आहे. संस्कृतात जो निर्धास्त आहे तोही विश्वस्त आणि ज्याच्यावर भरवसा ठेवला तोही विश्वस्त. मराठी माणसाने मात्र या शब्दावर १७६१ पासून एक कोटी करून ठेवली आहे. विश्वास तर पानिपतातच गेला, असे आपण आजही म्हणतो. विश्वासराव तेथे पडले, आणि ज्या महादजी शिंद्यांच्या वंशाने पुढे हे लष्कर शहर वसविले, ते त्याच लढाईतून पाय जायबंदी होऊन परतले. ग्वाल्हेरकरांना ती कोटी केवळ हसण्याची नाही.

ठेव या अर्थी संस्कृतात 'न्यास', 'निक्षेप', 'उपनिधि' असे शब्द आहेत. न्यास म्हणजे खाली ठेवणे, हवाली करणे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ठेवींवर स्वतंत्र अध्याय आहे. मोहोरबंद करून, आत काय आहे हे न सांगता ठेवलेली ती उपनिधि, इतका बारकावा स्मृतिकारांनी केला. शाकुंतलातील कण्वमुनींना मुलगी सासरी धाडल्यावर दुसऱ्याची ठेव परत केल्याचे समाधान वाटते, हे शाळेत संस्कृत शिकलेल्यांना आठवत असेल.

घरात आम्ही वापरतो तो शब्द 'अमानत'. अरबीतील या धातूचा अर्थ निर्भयता, सुरक्षितता. 'ईमान', 'अमीन', 'मोमीन' हे सारे त्याच घराण्यातले आणि ख्रिस्ती व यहुदी प्रार्थनेच्या शेवटचा 'आमेन' हाही त्याचा सगोत्र. मराठीने हा शब्द केव्हाच आपलासा केला, पण बोलता बोलता अक्षरांची अदलाबदल केली आणि त्याचा 'अनामत' झाला. निवडणुकीत पडलेल्या उमेदवाराची अनामत रक्कम जप्त होते तेव्हा आपण अरबी बोलत आहोत, हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

अमानत म्हणजे काय, हे आम्ही वर्गात एका प्रसंगावरून सांगत असतो. पैगंबर मुहंमद यांना मक्केचे लोक अल-अमीन, म्हणजे विश्वासू, म्हणत. पुढे त्याच लोकांनी त्यांच्याशी वैर धरले. तरीही कित्येकांच्या मौल्यवान वस्तू ठेव म्हणून त्यांच्याकडेच होत्या, कारण तशी दुसरी सुरक्षित जागा नव्हती. इ. स. ६२२ मध्ये जीव वाचविण्यासाठी मक्का सोडून मदिनेस जाण्याची वेळ आली, तेव्हा त्यांनी हजरत अलींना मागे ठेवले ते ज्याची त्याची ठेव परत करण्यासाठी. ठेवणारा शत्रू झाला म्हणून ठेव आपली होत नाही.

येथपर्यंत विश्वास हा माणसामाणसातला आहे. ट्रस्ट ही संस्था, जिची नोंदणी होते, जिची मिळकत असते, ती यातून कशी निघाली?

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये जमीन राजाकडून सरदाराकडे, सरदाराकडून लहान जमीनदाराकडे अशी उतरत आलेली असे. जमीनदार मेला आणि मूल अज्ञान असले तर वरचा सरदार त्या मुलाचा पालक होऊन जमिनीचे उत्पन्न खाई. मृत्युपत्राने जमीन देण्याचीही सोय नव्हती. यावर लोकांनी युक्ती काढली. हयातीतच जमीन दोन-चार विश्वासू मित्रांच्या नावे करून द्यावयाची आणि सांगावयाचे की, नाव तुमचे राहील, पण उपयोग माझ्या बायकोमुलांचा. फ्रान्सिस्कन पंथाचे फकीर १२२४ मध्ये इंग्लंडात आले, त्यांनी तर दारिद्र्याचे व्रत घेतलेले. मालकीचे काही ठेवणे त्यांना पाप. तेव्हा गावकऱ्यांनी घरे आपल्या किंवा गावाच्या नावावर ठेवली आणि फकिरांना राहू दिले. या व्यवस्थेला 'यूज' म्हणत. हा 'यूज' वापरण्याचा नव्हे बरे. कोणाच्या तरी 'साठी' या अर्थाच्या लॅटिन 'ओपुस' शब्दाचे ते घासलेले रूप. दिसायला सारखा म्हणून अर्थ सारखा समजू नये, हे आम्ही मुलांना दालचिनीच्या उदाहरणाने शिकवितो.

आता मित्र बेइमान निघाला तर? साध्या कोर्टात दाद नव्हती. तेथे ज्याचे नाव कागदावर तोच मालक, पुढे बोलणे नाही. तेव्हा फसलेले लोक राजाच्या चॅन्सेलरकडे जाऊ लागले. हा अधिकारी बहुधा धर्मगुरू असे. तो म्हणे, कागद तुझ्या नावाचा आहे हे खरे. परंतु तुझ्या सदसद्विवेकबुद्धीला ही जमीन बांधलेली आहे, ती सोडून तू जाऊ शकत नाहीस, गेलास तर तुरुंगात बैस. अशा रीतीने एका मिळकतीचे दोन धनी झाले. एक नावाचा, दुसरा फळाचा. आणि नावाच्या धन्याने फळाला हात लावावयाचा नाही. इंग्लंडच्या कायद्याचा मोठा इतिहासकार मेटलंड याने ही कल्पना म्हणजे आपल्या लोकांची कायद्यातील सर्वांत मोठी कामगिरी मानली.

आठव्या हेन्रीचे उत्पन्न या युक्तीमुळे बुडू लागले, तेव्हा त्याने १५३६ मध्ये कायदा करून बहुतेक 'यूज' रद्द केले. वकिलांनी अर्थातच पळवाटा शोधल्या. त्या पळवाटांतून जे वाचले ते पुढे 'ट्रस्ट' या नावाने नांदू लागले. राजाच्या वसुलीखात्याने हाकलले नसते तर कदाचित आपल्या पाटीवर आज 'यूज' लिहिलेले असते! १६०१ मध्ये, एलिझाबेथ राणीच्या कारकीर्दीत, धर्मादाय कामे कोणती याची एक यादी कायद्याच्या प्रस्तावनेत घातली गेली. म्हातारे, अपंग व गरीब यांना मदत, जखमी शिपाई, शाळा व विद्यार्थी, पूल आणि रस्ते, अनाथांचे शिक्षण, गरीब मुलींची लग्ने, कैद्यांची सोडवणूक. चारशे वर्षांनंतर आपल्या वार्षिक अहवालाची अनुक्रमणिका यापेक्षा फारशी वेगळी नाही.

परंतु नावाचा धनी व फळाचा धनी वेगळे करण्याची कल्पना केवळ इंग्रजांनाच सुचली असे नव्हे. वक्फ त्याच्या कितीतरी आधीचा. 'वक्फ' म्हणजे थांबविणे. मिळकत एकदा थांबविली की ती विकता येत नाही, दान देता येत नाही, वारसांत वाटता येत नाही; फक्त तिचे उत्पन्न ठरल्या कामी जाते. हजरत उमर यांना खैबर येथे जमीन मिळाली, तिचे काय करावे असे त्यांनी पैगंबरांना विचारले आणि मूळ राखून फळ दान करण्याचा सल्ला मिळाला. तेथून ही प्रथा सांगतात. सांभाळणारा तो मुतवल्ली. ऑक्सफर्डचे मर्टन कॉलेज १२६४ चे. त्याच्या घटनापत्रात वक्फाची छाया दिसते, असे एका अभ्यासक बाईंनी १९८८ मध्ये सविस्तर मांडले. सर्वांना ते पटलेले नाही. पण धर्मयुद्धांच्या काळात माणसे इकडून तिकडे जात होती, तेव्हा कल्पनाही गेल्या असतील, हे मानावयास आम्हांस जड जात नाही.

आणि हे पाहण्यासाठी ऑक्सफर्डला कशाला जावयाचे? आपल्या ग्वाल्हेर संस्थानात देवळांच्या जमिनी व पूजाअर्चा यांचा कारभार ज्या खात्याकडे होता, त्याचे नाव 'औकाफ'. औकाफ हे वक्फाचे अनेकवचन. मराठी राजा, हिंदू देऊळ, अरबी शब्द. आजही येथील सरकारी दप्तरात देवळांच्या संबंधाने 'माफी-औकाफ' हे नाव चालते, आणि कित्येक पुजारीबुवा हा शब्द आमच्यापेक्षा अधिक सफाईने उच्चारतात. मूळ राखावयाचे आणि फळ वाटावयाचे, एवढा अर्थ कळला की शब्द कोणत्या घरचा, हे कोणी विचारीत नाही.

हिंदुस्थानात ट्रस्टचा कायदा १३ जानेवारी १८८२ रोजी झाला. विश्वासापोटी सोपविलेली आणि स्वीकारलेली, मालकीला जडलेली एक जबाबदारी, अशी त्यात ट्रस्टची व्याख्या आहे. वाचकांनी ध्यानात घ्यावे, व्याख्येत 'मालकी' हा शब्द आहे, पण भर जबाबदारीवर आहे. हा कायदा खासगी ट्रस्टांसाठी. सार्वजनिक धर्मादाय संस्था त्याच्या बाहेर आहेत. मध्य प्रदेशात आपल्यासारख्या सार्वजनिक संस्थांना १९५१ चा कायदा लागतो आणि जिल्ह्याचा कलेक्टर हाच त्यांचा रजिस्ट्रार. ट्रस्टची स्थावर मिळकत विकावयाची तर त्याची पूर्वमंजुरी पाहिजे. महाराष्ट्रात १९५० चा कायदा आहे आणि तेथे धर्मादाय आयुक्त बसतात. परंतु ट्रस्टीने कसे वागावे याची १८८२ च्या कायद्यातील तत्त्वे सर्वत्र आदर्श मानली जातात. ट्रस्टच्या मिळकतीतून स्वतःचा नफा करावयाचा नाही. लेखात तसे लिहिलेले नसेल तर मेहनताना मागावयाचा नाही. आपले काम दुसऱ्यावर ढकलून मोकळे व्हावयाचे नाही. आणि ट्रस्टी अनेक असतील तर सर्वांनी मिळून काम करावयाचे, एकट्याच्या सहीने नव्हे.

हे शेवटचे तत्त्व मराठी माणसाला नवीन नाही. शिवछत्रपतींच्या किल्ल्यावर हवालदार, सरनोबत आणि सबनीस असे तीन अधिकारी एकाच दर्जाचे ठेवीत, असे सभासदाच्या बखरीत आहे. तिघांच्या एकमतावाचून कारभार होऊ नये, म्हणजे एकट्याच्या मनात आले म्हणून किल्ला जाणार नाही. त्यांतला 'हवालदार' शब्द तर पाहण्यासारखा आहे. हवाला म्हणजे सोपविलेली गोष्ट आणि दार म्हणजे धारण करणारा. शब्दशः तो ट्रस्टीच! (हा 'दार' मात्र लाकडाचा नव्हे. हा 'धृ' धातूच्या घरचा, जेथून आपला 'धर्म' आला.)

गांधीजींनी विलायतेत बॅरिस्टरीसाठी स्नेल नावाच्या लेखकाचा कायद्याचा ग्रंथ वाचला होता. पुढे दक्षिण आफ्रिकेत गीतेतील अपरिग्रहाचा विचार करताना त्यांना हा ग्रंथ आठवला आणि 'ट्रस्टी' शब्दाचा अर्थ अधिक उमगला, असे त्यांनी आत्मकथेत लिहिले आहे. कोट्यवधी रुपये हाती असले तरी त्यातील एक पै ट्रस्टीची नाही, हे त्यांना कायद्याच्या पुस्तकातून गवसले. कायद्याची पुस्तके रूक्ष असतात असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

या शब्दाने वाईट दिवसही पाहिले. अमेरिकेतील रॉकफेलर आणि मंडळींनी २ जानेवारी १८८२ रोजी, म्हणजे आपला कायदा होण्याच्या अवघे अकरा दिवस आधी, अनेक तेलकंपन्यांचे भाग नऊ ट्रस्टींच्या हाती देऊन स्टँडर्ड ऑइल ट्रस्ट स्थापला. हेतू एकच, बाजार मुठीत धरणे. तेव्हापासून तिकडे 'ट्रस्ट' म्हणजे मक्तेदारी असा अर्थ रूढ झाला आणि १८९० मध्ये तिच्याविरुद्ध जो कायदा झाला त्याला 'अँटीट्रस्ट' म्हणू लागले. हा शब्द प्रथम वाचणारा विद्यार्थी दचकतो. विश्वासाच्या विरुद्ध कायदा कसा, असे विचारतो. मुंबईचा पोर्ट ट्रस्ट (१८७३), प्लेगनंतर १८९८ मध्ये निघालेला सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, १९६४ चा युनिट ट्रस्ट, ही सारी याच झाडाची फळे. त्यांविषयी लिहू लागलो तर संपादक आमचे पान कापतील.

आम्हांस अधिक बोलावयाचे आहे ते बाजारातील एका जुन्या रिवाजाविषयी. उत्तर हिंदुस्थानातील पेठांतून मालाच्या बिलावर किंमत, हमाली, तोलाई यांच्या खाली आणखी एक बारीकशी ओळ असे. तिचे नाव धर्मादा. पोत्यामागे किंवा शेकड्यामागे ठरलेले काही पैसे. गिऱ्हाईक ते देई, दुकानदार ते वहीत वेगळ्या खात्यात जमा करी, आणि त्यातून पाणपोई, गोशाळा, धर्मशाळा, शाळा चालत. यासाठी कोणी दस्तऐवज केला नव्हता, ट्रस्टी नेमले नव्हते.

पुढे इन्कम टॅक्सवाल्यांनी विचारले, हे पैसे तुमच्या दुकानात आले, तुमच्या वहीत जमा झाले, मग हे तुमचे उत्पन्न नव्हे काय? प्रश्न वाजवी होता. वाद वर्षानुवर्षे चालला आणि हाथरसच्या बिजली कॉटन मिल्सच्या प्रकरणात तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस न्यायालयाने निकाल दिला की, धर्मादा या नावाने घेतलेली रक्कम पहिल्या क्षणापासूनच धर्मकार्यासाठी राखलेली असते; ती व्यापाऱ्याच्या हातातून जाते, पण त्याची कधीच होत नाही. म्हणून तिच्यावर त्याने कर देणे नाही. अर्थात दुसरी बाजूही तितकीच पक्की. जी रक्कम कर देताना आपली नव्हती, ती दिवाळीला हिशेब बंद करताना आपली होऊ शकत नाही.

चॅन्सेलरच्या कोर्टाला जे समजावयास शतके लागली, ते आपल्या मुनीमजींनी वहीच्या एका ओळीत लिहून ठेवले होते. 'ट्रस्ट कोणाचा' या प्रश्नाचे याहून स्वच्छ उत्तर आम्हांस ठाऊक नाही. देणगीदाराने दिले तेव्हा ते त्याचे राहिले नाही. ट्रस्टीकडे आले तेव्हा ते त्याचे झाले नाही. सभासदाला मत आहे ते हिशेब विचारण्याचे. वाटून घेण्याचे नव्हे. उरला तो, जो सभेला येत नाही.

संपादकांनी 'ज्युबिली'विषयीही दोन ओळी मागितल्या आहेत. हा शब्द हिब्रू 'योबेल' म्हणजे मेंढ्याचे शिंग, यावरून आला. बायबलच्या जुन्या करारात अशी आज्ञा आहे की, दर पन्नासाव्या वर्षी शिंग फुंकावे, गुलामांना मोकळे करावे आणि विकल्या गेलेल्या जमिनी मूळ कुटुंबांना परत द्याव्यात; कारण जमीन देवाची, माणसे तिच्यावर पाहुणी. पंचवीस वर्षांची रौप्य आणि साठ वर्षांची हीरक ज्युबिली ही मागाहूनची भर आहे, राजेरजवाड्यांच्या हौसेची. आपल्याकडे १८८७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाने हा शब्द गावोगाव पोचविला.

राहता राहिली पाटी. ती या निमित्ताने नव्याने रंगवावयाची असून तीवर 'ट्रस्ट' लिहावे की 'न्यास', असा एक किरकोळ वाद कानी आला. आमचे मत विचाराल तर 'ट्रस्ट'च असू द्यावे. न्यास शब्द सुंदर आहे, सरकारी कागदांत तो चालतो. पण मदतीसाठी येणारी म्हातारी ट्रस्टचाच पत्ता विचारते, आणि पाटी तिच्यासाठी आहे. फक्त रंगाऱ्याला 'ट्र' हे जोडाक्षर आधी कागदावर काढून दाखवावे. मागच्या पाटीवर त्याने ते 'ट' आणि 'र' असे सुटे लिहिले होते.